भट्टीविना लेप

१९७३ साली भोकरदनच्या पांढरीवर कुदळी पडल्या. नागपूर विद्यापीठ आणि तेव्हाचे मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून हे उत्खनन हाती घेतले होते. शांताराम भालचंद्र देव आणि रमेश शंकर गुप्ते त्याचे प्रमुख होते. केळणा नदीकाठचे हे आजचे तालुक्याचे गाव म्हणजे सातवाहनकाळातले भोगवर्धन. सांची आणि भरहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचे नाव कोरलेले आहे. उत्खननात इथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग हाती लागला. इटलीत पाँपेईच्या राखेखालून १९३८ साली निघालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तो इतका मिळताजुळता होता, की भोकरदनचे नाव रोमन व्यापाराच्या अभ्यासकांमध्ये सर्वतोमुखी झाले.

मूर्तीची कीर्ती झाली, पण खड्ड्यांतून टोपल्या भरभरून वर आली ती खापरे. काळी-तांबडी भांडी, तांबड्या लेपाची भांडी. सातवाहनकाळातला कुंभार चाकावरून उतरवलेल्या भांड्यावर गाळलेल्या बारीक मातीचा पातळ थर देई आणि मग भांडे भट्टीत जाई. लेप भांड्याशी एकजीव होई तो त्या आगीत. पाणी झिरपणे कमी होई, पृष्ठभाग गुळगुळीत होई, रंग पक्का बसे. दोन हजार वर्षे मातीखाली राहूनही हा लेप ओळखू येतो.

लेप टिकायचा तर आच हवी, हा नियम पुढे शतकानुशतके मोडला नाही. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करायची तर भाता लावून भांडे तापवावे लागे, तेव्हा कुठे कथील पसरे. मिनाकारी, चिनी मातीवरची चकाकी, लोखंडावरचे जस्त, सगळ्यांचा मार्ग भट्टीतूनच गेला. माती, धातू, काच यांना आच सोसते, म्हणून हे चालले. विसाव्या शतकात माणसाच्या हाती असा पदार्थ आला की ज्याला आच सोसत नाही, आणि तो पाहता पाहता घरात, शेतात, दवाखान्यात सगळीकडे पसरला. पाण्याच्या बाटलीचे पीईटी ७०-८० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. ॲक्रिलिक १०५ अंशांच्या आसपास आणि पॉलिकार्बोनेट १४७ च्या आसपास हार मानते. पॉलिहाऊसवर ताणलेले पॉलिथिन ११० अंशांच्या सुमारास वितळतेच. अशा पदार्थावर टिकाऊ खनिज लेप बसवायचा कसा, या प्रश्नाने पदार्थविज्ञानाला पन्नास वर्षे कामाला लावले. त्यातला सर्वांत अवघड लेप होता टायटॅनियम डायऑक्साइडचा, कारण त्याचे सगळे गुण त्याच्या स्फटिकात आहेत आणि स्फटिक घडायला उष्णता लागते.

हा पदार्थ मराठी माणसाला अपरिचित नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लाटा काळी वाळू आणून टाकतात. तिच्यात इल्मेनाइट असते, म्हणजे लोह आणि टायटॅनियम यांचे ऑक्साइड. इल्मेनाइटमधून लोह काढून टाकले की उरते शुभ्र पूड. घराच्या भिंतीचा पांढरा रंग, टूथपेस्टची शुभ्रता, प्लास्टिकच्या बादलीचा दुधी रंग यांत हीच पूड असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रंगाच्या कारखानदारांना तिची एक खोड कळून चुकली होती. उन्हातल्या भिंतीवरून हात फिरवला की बोटांना पांढरी भुकटी लागे. टायटॅनियमची पूड जागची हलत नसे, पण तिला धरून ठेवणारे तेल किंवा राळ उन्हात खाल्ली जाई. कारखानदारांनी यावर उतारा शोधला. पुडीच्या प्रत्येक कणावर सिलिका आणि ॲल्युमिना यांचे सूक्ष्म कवच चढवायचे, म्हणजे ऊन लागले तरी कण भोवतालच्या राळेला हात लावणार नाही. या उताऱ्याची आठवण पुढे पुन्हा कामी यायची होती, अगदी उलट्या कारणासाठी.

उन्हातली ही खोड म्हणजेच मोठी शक्ती आहे, हे जगाच्या लक्षात आणून दिले ते टोकियो विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अकिरा फुजिशिमा हे केनिची होंडा यांच्या हाताखाली काम करत होते. पाण्यात एका बाजूला टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक, दुसऱ्या बाजूला प्लॅटिनम, दोन्ही तारेने जोडलेले, अशी त्यांची मांडणी होती. स्फटिकावर अतिनील प्रकाश पडताच बुडबुडे येऊ लागले. स्फटिकाच्या बाजूला ऑक्सिजन, प्लॅटिनमच्या बाजूला हायड्रोजन. केवळ प्रकाशाने पाणी फुटत होते. हा शोध जुलै १९७२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आला. पुढच्याच वर्षी जगावर तेलसंकट कोसळले आणि सूर्यप्रकाशातून इंधन मिळवण्याची आशा या शोधाला चिकटली.

इंधनाची ती आशा हळूहळू ओसरली, पण या स्फटिकाचे दुसरे काम उजेडात येत गेले. प्रकाशाचा कण पुरेशा ऊर्जेचा असेल तर तो स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनला उचलून वरच्या पट्ट्यात नेतो आणि खाली एक रिकामी जागा, छिद्र, उरते. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अनाटेस या रूपात यासाठी ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. म्हणजे सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहर, जी सूर्यप्रकाशाच्या शेकडा तीन ते पाच भागात सापडते. इलेक्ट्रॉन आणि छिद्र दोन्ही पृष्ठभागाशी पोचले तर हवेतल्या ऑक्सिजनशी आणि पाण्याशी त्यांची गाठ पडते आणि अत्यंत आक्रमक कण तयार होतात. तेलाचा डाग, रंगाचा रेणू, जिवाणूचे आवरण, जे कार्बनचे म्हणून जवळ येईल ते कण तोडत जातात आणि अखेर कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. १९७७ साली अमेरिकेत फ्रँक आणि बार्ड यांनी पाण्यातले सायनाइड या पद्धतीने नष्ट करून दाखवले. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी याच लेपाचा आणखी एक गुण ‘नेचर’मध्येच मांडला. प्रकाश लागलेल्या या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब गोल राहत नाही. तो पसरतो, सपाट होतो आणि धूळ सोबत घेऊन वाहून जातो.

मग वापर सुरू झाले. जपानमध्ये स्वच्छतागृहांच्या आणि दवाखान्यांच्या टाइल्सवर लेप आला, महामार्गांच्या बोगद्यांतल्या दिव्यांच्या काचांवर आला. इंग्लंडच्या पिलकिंग्टन कंपनीने २००१ मध्ये स्वतःहून स्वच्छ राहणारी खिडकीची काच बाजारात आणली; तिच्यावरचा थर जेमतेम १५ नॅनोमीटरचा होता. २००३ मध्ये रोममध्ये उभ्या राहिलेल्या, वास्तुकार रिचर्ड मायर यांनी घडवलेल्या चर्चच्या पांढऱ्या काँक्रीटमध्येही हेच द्रव्य मिसळले होते. या मालावर नजर टाकली तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. टाइल भट्टीतून जाते. काचेवरचा थर काच कारखान्यातून तप्त बाहेर पडत असतानाच बसवला जातो. आच सोसणाऱ्यांचे काम झाले होते, प्लास्टिक मागेच राहिले होते.

महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळाही याच काळात या अडचणीशी झुंजत होत्या. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग पातळ थरांच्या कामासाठी देशात नावाजलेला आहे. निर्वात यंत्रे महाग, म्हणून तिथल्या संशोधकांनी स्वस्त आणि हाताशी असलेल्या पद्धती पणाला लावल्या. त्यातली एक फवाऱ्याची. टायटॅनियमच्या संयुगाचे द्रावण तापलेल्या काचेवर बारीक फवारायचे; थेंब काचेवर पोचताच द्रव उडून जातो, संयुग फुटते आणि ऑक्साइडचा थर बसतो. असे थर घेऊन रंगद्रव्यांनी दूषित पाणी प्रकाशात शुद्ध करण्याचे त्यांचे काम २००८ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आले. हातमाग-यंत्रमागांच्या, रंगाच्या कारखान्यांच्या या परिसरात त्या प्रश्नाचे मोल वेगळे सांगायला नको. पण काचेखालचा तवा शेकडो अंशांवर तापवावा लागे. त्या तव्यावर प्लास्टिक ठेवणे अशक्यच होते.

त्याच विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दुसरा मार्गही कसोशीने चालून पाहिला. द्रावणाच्या भांड्यात काच किंवा प्लास्टिकचा तुकडा उभा ठेवायचा आणि सौम्य तापमानाला थर हळूहळू वाढू द्यायचा. किंवा तुकडा आलटूनपालटून दोन द्रावणांत बुडवायचा, मधे धुवायचा, म्हणजे एकेका आयनाच्या थरावर थर चढत जातो. या दुसऱ्या पद्धतीचा पाया फ्रान्समध्ये १९८५ च्या सुमारास घातला गेला होता. कोल्हापूरकरांनी ती सल्फाइड, सेलेनाइड यांसारख्या अनेक पदार्थांपर्यंत नेली आणि तिच्यावरचा त्यांचा २००४ सालचा आढावा जगभर वापरला गेला. इथे आच लागत नाही. तरी टायटॅनियम डायऑक्साइडच्या बाबतीत घोडे पुन्हा तिथेच अडे. पाण्यातून सावकाश बसलेला थर बहुधा अस्फटिक राही. अणू असतात, पण रांगेत नसतात. अशा थरात प्रकाशाने उठवलेला इलेक्ट्रॉन पृष्ठभागाशी पोचायच्या आत वाटेतल्या एखाद्या दोषात अडकतो आणि छिद्राशी मिळून विझून जातो. थर दिसायला पारदर्शक, चिकटायला पक्का, पण कामाला निरुपयोगी. त्याला अनाटेस करायचे तर पुन्हा तीन-चारशे अंशांची भट्टी.

टायटॅनियम डायऑक्साइडचा अस्फटिक थर निरुपयोगी म्हणायचा तो या कामापुरता. प्लास्टिकच्या चष्म्याच्या काचेवर तिरपा उजेड पडला की जी हिरवट-निळसर झाक दिसते, ती टायटॅनियम आणि सिलिका यांच्या आलटूनपालटून दिलेल्या थरांचीही असते. हे थर निर्वात पोकळीत, काच फारशी तापू न देता बसवतात. प्रकाशाचे परावर्तन कमी करण्याचे काम ते उत्तम करतात. डाग खाण्याचे काम मात्र त्यांच्याकडून होत नाही. प्लास्टिकवर थर बसवणे साधले होते. प्लास्टिकवर स्फटिक घडवणे बाकी होते.

त्यासाठी लागणारी गुरुकिल्ली फार आधी, १९व्या शतकातल्या काचेच्या नळ्यांमध्ये चमकून गेली होती. १८५२ साली विल्यम ग्रोव्ह यांनी हवा विरळ केलेल्या भांड्यात वीज खेळवली तेव्हा समोरच्या चकचकीत पत्र्यावर रंगीत डाग आणि कडी उमटली. विजेच्या झोताने पृष्ठभागावर थर चढतो याची ती पहिली नोंदलेली खूण. १८५७ मध्ये जर्मनीत वेर्नर फॉन सीमेन्स यांनी काचेच्या आडोशाने, उघड्या हवेच्या दाबाला वीज पसरवून ओझोन तयार केला. १८७९ मध्ये विल्यम क्रुक्स यांनी शेफील्डच्या विज्ञानसभेत नळीतल्या या तेजाला पदार्थाची चौथी अवस्था म्हणावे, असे सुचवले. १९२८ मध्ये अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर यांनी तिला प्लाझ्मा हे नाव दिले.

याच दरम्यान १९२० साली मेघनाद साहा यांनी तापलेल्या वायूतले किती अणू फुटून आयन होतील हे सांगणारे समीकरण मांडले. त्यामुळे ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लागला. साहांचे समीकरण अशा वायूचे आहे ज्यात इलेक्ट्रॉन, आयन, अणू सगळे एकाच तापमानाला आहेत. तिथे वायू आयनित करायचा तर हजारो अंश हवेत. पण नळीतल्या विरळ वायूत हा समतोल नसतो. इलेक्ट्रॉन अत्यंत हलका, आर्गॉनचा आयन त्याच्या सत्तर हजार पटींहून जड. विजेचे क्षेत्र इलेक्ट्रॉनला वेग देते. तो जड अणूवर आदळून परत फिरतो, पण या टकरीत स्वतःची ऊर्जा अणूला फारशी देत नाही. वायू विरळ असेल तर अशा टकराही कमी होतात. परिणामी इलेक्ट्रॉनांचे तापमान दहा हजार अंशांपुढे जाते आणि वायू मात्र कोमट राहतो. घरातली जुनी ट्यूबलाइट हे याचे रोजचे उदाहरण. आतले इलेक्ट्रॉन सुमारे ११ हजार अंशांचे, बाहेरची काच ४० च्या आसपास. चालू नळीला हात लावता येतो.

रासायनिक क्रिया घडवायला जी ऊर्जा लागते ती इलेक्ट्रॉनांकडून घ्यायची आणि वस्तू थंड ठेवायची, ही कल्पना १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या हार्लो येथे स्टर्लिंग आणि स्वान यांनी प्रत्यक्षात आणली. त्यांनी रेडिओ-लहरींनी पेटवलेल्या प्लाझ्मात वायू फोडून सिलिकॉनचे आणि सिलिकॉन नायट्राइडचे थर बसवले. एरवी याच कामाला भट्टी फार तापवावी लागे. पुढे सौरघट आणि संगणकाच्या चिप या पद्धतीवर वाढल्या. १९९९ मध्ये फ्रान्सच्या सिडेल कंपनीने पीईटी बाटलीच्या आतल्या बाजूला ॲसिटिलीनच्या प्लाझ्मातून कार्बनचा थर देणारे यंत्र आणले, पेयातला वायू निसटू नये म्हणून. बाटली वितळली नाही. प्लास्टिकवर प्लाझ्माने लेप चढवणे आता कारखान्यात शक्य होते.

टायटॅनियमसाठी हे काम प्रयोगशाळेत कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. पोलादी पोकळीत खालच्या पत्र्यावर पीईटीचा तुकडा ठेवतात. पंप लावून आतली हवा काढतात, दाब वातावरणाच्या हजाराव्या भागाच्याही खाली नेतात. शेजारी एका कुपीत टायटॅनियमचे द्रवरूप संयुग, आयसोप्रोपॉक्साइड, मंद गरम केलेले असते. त्याची वाफ आर्गॉनबरोबर आत सोडतात, दुसऱ्या नळीने ऑक्सिजन. मग १३.५६ मेगाहर्ट्झची रेडिओ-लहर चालू करतात आणि पोकळी फिकट जांभळ्या उजेडाने भरून जाते. इलेक्ट्रॉन संयुगाचे रेणू फोडतात, कार्बनी भाग ऑक्सिजनशी मिळून वायूरूपाने पंपातून निघून जातो, टायटॅनियम आणि ऑक्सिजन प्लास्टिकवर उतरतात. वेग मिनिटाला काही नॅनोमीटर. खिडकीतून बघणाऱ्याला तुकड्यावर आधी पिवळसर सोनेरी, मग जांभळी, मग निळी झाक चढताना दिसते. तिच्यावरूनच जाणत्या माणसाला थराची जाडी कळते.

स्फटिकासाठी मात्र एवढे पुरत नाही. इथे आयनांची मदत घ्यावी लागते. प्लास्टिकखालच्या पत्र्यावर ऋण विद्युतदाब ठेवला की प्लाझ्मातले धन आयन थरावर येऊन आपटतात. प्रत्येक आपटीत वरचे काही अणू क्षणभर हलतात आणि आपली जागा शोधतात. भट्टी जे काम सगळ्या वस्तूला तापवून करते, ते इथे वरच्या काही अणूंच्या थरापुरते होते. फ्रान्समधल्या नाँत आणि स्पेनमधल्या सेव्हिया इथल्या संशोधकांनी हे गणित वर्षानुवर्षे तपासले. दीडशे अंशांच्या आतही अनाटेस मिळू शकते हे यातून दिसून आले. आयनांची ऊर्जा कमी पडली तर थर अस्फटिक राहतो. जास्त झाली तर थरात ताण येतो, तो फाटतो, प्लास्टिक वाकडे होते. जमून येण्याची पट्टी अरुंद आहे आणि प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक प्लास्टिकवर ती नव्याने शोधावी लागते.

प्लाझ्माचा गरम आणि थंड असे दोन्ही मार्ग पश्चिम भारतात चोखाळले गेले. अहमदाबादमध्ये १९८२ साली सुरू झालेल्या प्लाझ्मा कार्यक्रमातून गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९७ मध्ये तिने उद्योगांसाठी वेगळे केंद्र काढले. अंगोरा सशाच्या निसरड्या लोकरीला प्लाझ्माचा हात फिरवून सूतकताई सोपी करण्याचे काम तिथे झाले. पुणे विद्यापीठात सुधा भोरासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांसह गरम प्लाझ्माचा वापर केला. विजेच्या कमानीत धातूची वाफ करायची, ती ऑक्सिजनयुक्त वायूत थंड होऊ द्यायची आणि पोकळीच्या भिंतीवर जमलेली टायटॅनियम डायऑक्साइडची सूक्ष्म पूड खरवडून घ्यायची. पोकळीतला दाब बदलला की पुडीतले अनाटेस आणि रुटाइल या दोन स्फटिकरूपांचे प्रमाण बदलते, हे त्यांनी दाखवले. इथे स्फटिक आगीत तयार होतो, पण ती आग प्लास्टिकपासून दूर असते. तयार स्फटिकांची पूड नंतर एखाद्या खनिज बंधकात कालवून थंडपणे प्लास्टिकवर लावता येते. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, १९३३ साली सुरू झालेल्या जुन्या यूडीसीटीत, अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी प्रकाशाने घाण तोडण्याच्या या रीतीसह, म्हणजे प्रकाश-उत्प्रेरणासह, सांडपाणी शुद्धीकरणाच्या विविध पद्धतींचा २००४ मध्ये सविस्तर आढावा घेतला. त्याच माटुंग्यात कापडतज्ज्ञांनी उघड्या हवेच्या दाबाला चालणारा प्लाझ्मा रेशमी कापडावर वापरला आणि कमी तापमानाला रंग धरवून दाखवला.

उघड्या हवेतला हा थंड प्लाझ्मा म्हणजे सीमेन्स यांच्या १८५७ च्या युक्तीचे नवे रूप. टोकियोच्या सोफिया विद्यापीठात १९८८ मध्ये साचिको ओकाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलियमच्या साहाय्याने वातावरणाच्या दाबाला शांत, एकसारखा प्लाझ्मा टिकवून दाखवला आणि निर्वात पंपाशिवाय थर देण्याची वाट मोकळी झाली. याचे मोल कापड आणि प्लास्टिकच्या कागदासारख्या लांबच लांब मालासाठी सर्वाधिक आहे.

आणि प्लास्टिकचा लांबच लांब माल म्हटला की जालना जिल्ह्यातली शेती डोळ्यांसमोर येते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिकोची स्थापना केली आणि हा परिसर बियाण्यांसाठी ओळखला जाऊ लागला. आज इथल्या शिवारात शेडनेट आहेत, मिरचीच्या वाफ्यांवर मल्चिंगचा कागद आहे, ठिबकच्या नळ्या आहेत, शेततळ्यांत प्लास्टिकचे अस्तर आहे. पॉलिहाऊसच्या कागदाच्या आतल्या बाजूला पहाटे पाण्याचे थेंब धरतात. ते उजेड परावर्तित करतात आणि रोपांवर टपकून बुरशीला वाट करून देतात. बाहेरच्या बाजूला धूळ साचून उजेड आणखी घटतो. यावर कागदात मिसळलेली थेंबरोधक द्रव्ये वापरतात, पण ती हळूहळू धुपून जातात. पाणी पसरवणारा आणि धूळ खाणारा खनिज थर या कागदावर पक्का बसला तर तो धुपणार नाही. भोकरदनसारख्या, ऊन भरपूर आणि पाऊस बेभरवशाचा असलेल्या तालुक्यात अशा थराला लागणारा प्रकाश वर्षातले बहुतेक दिवस फुकट मिळतो.

इथेच सर्वांत मोठी अडचण उभी राहते. जो थर धुळीतला कार्बन खातो, तो पॉलिथिनमधलाही कार्बन खातो. पुडीने राळ खाल्ल्याने भिंतीची भुकटी व्हावी, तसाच लेपाखालचा कागद आतून कुरतडला जातो आणि काही काळाने लेपच सुटून येतो. यावर उपाय रंगाच्या कारखानदारांच्या जुन्या कवचातच होता. आधी प्लास्टिकवर सिलिकाचा पातळ थर, मग त्यावर टायटॅनियम. पूर्वी सिलिका टायटॅनियमची ताकद झाकण्यासाठी वापरली जाई. आता ती ताकद वरच्या बाजूला मोकळी ठेवून खालच्या प्लास्टिकला वाचवण्यासाठी वापरली जाते. प्लाझ्मात हे दोन्ही थर एकाच पोकळीत, फक्त वायू बदलून, एकापाठोपाठ देता येतात. ऑक्सिजनच्या प्लाझ्माने आधी प्लास्टिकचा पृष्ठभाग धुऊन घेतला की सिलिकाची पकडही घट्ट होते. जपानमध्ये तंबूंच्या पीव्हीसी कापडावर अशाच मधल्या थराच्या आधाराने, ओल्या पद्धतीने, हा लेप बाजारात आला.

लेप काम करतो की नाही हे ठरवायला जगाने एकच फूटपट्टी मान्य करण्याचीही गरज होती. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या द्रावणावरची चाचणी ठरवून दिली: लेप दिलेला तुकडा द्रावणाखाली ठेवायचा, वरून मोजून अतिनील प्रकाश द्यायचा आणि निळा रंग किती वेगाने फिका होतो ते पाहायचे. भारतातल्या प्रयोगशाळाही हाच रंग वर्षानुवर्षे वापरत आल्या आहेत. दुसरी कसोटी थेंबाची. प्रकाशात ठेवलेल्या चांगल्या लेपावर पाण्याचा थेंब इतका पसरतो, की पृष्ठभागाशी त्याचा कोन दहा अंशांच्याही खाली जातो.

प्रयोगशाळेतला तुकडा या कसोट्यांना उतरतो. शेतापर्यंतचे अंतर आता वेगाचे आहे. चिप्सच्या पाकिटाचा चकाकणारा कागद निर्वात यंत्रात मिनिटाला काहीशे मीटर वेगाने धावत असताना त्यावर ॲल्युमिनियमचा थर बसतो. म्हणूनच ते पाकीट स्वस्त पडते. अनाटेसचा थर प्लाझ्मात मिनिटाला काही नॅनोमीटरने वाढतो. वेग वाढवायला संयुगाची वाफ जास्त सोडली तर थरात अर्धवट जळालेला कार्बन राहतो आणि स्फटिक बिघडतो. वीज वाढवली तर कागद तापतो. आजचे संशोधन या दोन टोकांच्या मधे चालू आहे. कुणी वीज सतत न देता तुकड्यातुकड्यांनी देते, म्हणजे मधल्या क्षणात कागद निवतो. कुणी तयार स्फटिकांची पूड प्लाझ्माच्या झोतात सोडून सिलिकाबरोबर एकाच वेळी बसवते, म्हणजे स्फटिक घडवण्याचा वेळ वाचतो. पुण्यात पूड करण्याचे, कोल्हापुरात थर बसवण्याचे आणि मुंबईत उघड्या हवेतला प्लाझ्मा कापडावर चालवण्याचे कसब आज महाराष्ट्रात आहे. या तिन्ही ठिकाणची विद्या एका यंत्रापाशी आली, आणि त्या यंत्रातून पॉलिहाऊसचा रुंद कागद शेतकऱ्याला परवडेल अशा भावात बाहेर पडला, तर भोगवर्धनच्या कुंभाराला ज्या आगीवाचून लेप पक्का करता आला नाही, ती आग प्लास्टिकच्या वाट्याला कधीच येणार नाही.